एका हिसक्यात सुटणारी पँट

शेखरची पँट मी बिघडवली, तिथूनच सांगते. त्याच्या जन्मापासून सांगायचं तर मी तिथे नव्हते.

शेखर म्हणजे चंद्रशेखर. आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे राहतो. वय अठ्ठावन्न. डोक्यावर केस बेताचे, पण पाठ अशी ताठ की मागून बघणारा तिशीतला म्हणेल. मूळचा ठाण्याचा. ब्याण्णव साली इथे सिंगापूरला एका बँकेत हिशेब तपासायच्या नोकरीवर आला आणि राहिला. आम्ही पुंगोलला राहायला आलो तेव्हा सुबोध, म्हणजे माझा मुलगा, आणि सूनबाई स्मिता दोघं सकाळी ऑफिसला जायची, नात जाई, जी आता हे लिहून घेतेय, शाळेत, आणि मी दिवसभर भिंतींशी बोलत बसायची. एक दिवस लिफ्टमध्ये एक माणूस शेजारच्या चिनी बाईशी इंग्रजीत गोड गोड बोलत होता. तेवढ्यात त्याची पिशवी फाटली, संत्री सगळीकडे घरंगळली आणि त्याच्या तोंडून निघालं, "आयला." मी म्हटलं, सापडला. तेव्हापासून दर गुरुवारी तो माझ्याकडे थालीपीठ खायला येतो.

त्याच्याबरोबर सेंग राहायचा. सेंग चिनी, उंच, काटकुळा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका मॉलच्या तळघरात त्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करा, चेन बदला, असली कामं. मी हडपसरला तीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म शिवले, त्यामुळे आमचं जमलं. भाषा एक नाही, पण तो मी शिवलेलं उलटं करून आतली बाजू बघायचा आणि मान डोलवायचा. बाहेरून कुणीही छान शिवतं. आतून बघतो तो खरा शिंपी.

मला वाटायचं, दोन मित्र आहेत, लग्नं राहून गेली, खर्च वाटून राहतात. गेल्या वर्षी सेंगला कॅन्सर झाला आणि चार महिन्यांत गेला. मी तेरा दिवस शेखरकडे डबा पोचवला, सुतकात पोचवतात तसा. कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या दिवशी डबा झाकताना माझ्या लक्षात आलं, हा मित्र गेलेल्याचा डबा नाहीये. जोडीदार गेलेल्याचा आहे. मग काय, झाकण लावलं आणि नेऊन दिला.

तर पँट. यंदा शेखरच्या गुडघ्याचं छोटं ऑपरेशन झालं. त्याला दोन महिने झाले असतील, एक दिवस तो ऑफिसला जाता जाता स्मिताकडे पिशवी देऊन गेला. निरोप असा की काळ्या पँटची कमरपट्टी एका जागी उसवलीये, काकूंना म्हणावं तेवढी शिवून ठेवा. मी पिशवी उघडली. काळी पँट, जुनी पण कापड भारी. बघते तर दोन्ही बाजूंना शिवणच नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत नुसती टिचबटणं. या बाजूला बावीस, त्या बाजूला बावीस.

आमच्या ह्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा पुण्याला दवाखान्यात असलीच पँट दिली होती. बाजूनं सगळी उघडणारी, म्हणजे पेशंटला पाय न हलवता घालता येते. मला वाटलं, ही पण तीच. आता गुडघा बरा झालाय, कशाला ते आजारपण अंगावर वागवायचं? आपण त्याला धड ऑफिसची पँट करून देऊ. बसले. एकेक बटण काढलं, बिस्किटाच्या डब्यात टाकलं, दोन्ही बाजूंना मशीनवर दुहेरी टीप मारली, इस्त्री केली. इतकी झकास झाली की मीच दोनदा उलटी करून आतून बघितली.

गुरुवारी शेखर आला. थालीपीठ तव्यावर होतं. मी पँट त्याच्या हातात दिली. त्यानं एक बाजू बघितली, दुसरी बघितली आणि खुर्चीवर बसला.

"काकू, बटणं?"

"डब्यात आहेत. फेकते होय मी?"

"सगळी एकत्र?"

"मग काय प्रत्येकाला वेगळा डबा देऊ? एकसारखी तर आहेत."

"एकसारखी नाहीत," तो म्हणाला. "सेंगनं लावली होती ती."

मी म्हटलं, "अरे, मला वाटलं ही दवाखान्यातली. गुडघ्याची." तर तो एकदम हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. तव्यावरचं थालीपीठ करपलं.

मग म्हणाला, "काकू, मी नाचायचो. ही पँट घालून. बारमध्ये."

"बायका नाचतात त्या बारमध्ये?"

"नाही. तिथे सगळे पुरुषच. नाचणारेही पुरुष आणि बघणारेही पुरुष. पुरुषांवरच जीव असलेले."

मी विचारलं, "बँकेत पोट भरत नव्हतं का रे?"

"पोट भरत होतं," तो म्हणाला.

माझं माहेर जुन्नरकडचं. आमच्याकडे जत्रेत तमाशाचे फड यायचे आणि फडात एक नाच्या असायचा. पुरुषच, पण असा मुरडायचा की बायांनी खाली बघावं. रात्री त्याच्यासाठी सगळा गाव लोटायचा आणि सकाळी त्याला कुणी ओसरीवर बसू द्यायचं नाही. पाणी मागितलं तर वरून ओतायचे. मी लहान होते, मीही त्याच्या मागे चाल करून दाखवून हसले आहे. ते आठवलं. करपलेलं थालीपीठ मी माझ्या ताटात घेतलं आणि त्याच्यासाठी नवीन थापलं.

खाता खाता त्यानं बाकीचं सांगितलं. येत्या रविवारी दुपारी चारला एक कार्यक्रम होता. ज्या बारमध्ये हे लोक जमायचे तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता काही तरुण मुलं-मुली त्या काळच्या गोष्टी गोळा करतायत. कुणाकडे फोटो, कुणाकडे तिकिटं, कुणाकडे कपडे. जुनी मंडळी येणार होती आणि शेखर नाचणार होता. अठरा वर्षांनी. सेंगनं शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून तसा शब्दच घेतला होता. एकदा ती पँट घालून नाच. दिवसाउजेडी नाच. आणि स्वतःच्या नावानं नाच.

"पँट एका हिसक्यात सुटायला हवी, काकू. तोच सगळा नाच आहे. बाकी मी नुसता हातवारे करतो."

"आणि नावाचं काय?"

त्यानं दही वाढून घेतलं.

हातात तीन दिवस होते. मला वाटलं, त्यात काय, बटणं परत लावायची. पण तो म्हणाला तेच खरं होतं. सेंगनं एकेक बटण कानशीनं घासून त्याची पकड कमी-जास्त केली होती. कमरेची घट्ट, म्हणजे नाचताना पँट आपोआप सुटायला नको. खाली येता येता सैल. वरचं सुटलं की खालची एकामागोमाग सुटत घोट्यापर्यंत जायची. मधे एखादं चुकीचं आलं की तिथे अडकणार. आणि ती सगळी मी डब्यात ढवळून ठेवली होती, भेळ केल्यासारखी.

शुक्रवारी त्यानं रजा टाकली. आमच्या हॉलमध्ये चादर पसरून आम्ही बसलो. आधी माझी टीप उसवायची. माझीच टीप, इतकी बारीक की उसवता उसवेना. ब्लेड घेऊन एकेक टाका. तो म्हणाला, "काकू, किती मजबूत शिवता हो." मी म्हटलं, "पोरं शाळेत कुस्त्या खेळतात. सुटण्यासाठी कधी कुणी शिवायला सांगितलंच नाही."

मग बटणं. एक बटण लावायचं, ओढायचं, पुन्हा लावायचं. घट्ट असलं तर टच्च वाजतं, सैल असलं तर नुसतं टप. तो कानाशी धरून ऐकायचा, मी अंगठ्यानं बघायची. दोघांचं एकमत झालं की चादरीवर ओळीत ठेवायचं. संध्याकाळपर्यंत तेच. आणि हात गुंतलेले असले की माणूस बोलतो.

म्हणाला, इथे आला तेव्हा सव्वीसचा होता. ठाण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला नाचायचा, तेवढंच. पंच्याण्णव साली त्याला कुणीतरी तांजोंग पगारला घेऊन गेलं. जुनी दुकानांची रांग, खाली दिव्यांचं दुकान आणि वर जिना. पाटी नाही. माहीत असेल त्यानंच चढायचं. दर रविवारी दुपारी चार ते आठ नाच. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असायचं ना. कुणी वकील, कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी मास्तर. हातात सरबत, आणि आठवड्यातून चार तास आपण आहोत तसं असायचं.

"तुझ्या आधी कोण नाचायचं?" मी विचारलं.

"आमच्या आधी काय सगळंच चोरून. सेंग सांगायचा, तो लहान असताना बुगिस स्ट्रीटवर रस्त्यात खुर्च्या टाकून लोक बसायचे, आणि बाईच्या वेशातले नटूनथटून यायचे. गोरे खलाशी त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. मग तो रस्ताच पाडला. आमच्या वेळी मालक सणासुदीला बँकॉकहून नाचणारे बोलवायचा. ती पोरं काय नाचायची, काकू. अंगात हाड नाही. तिकडे ते शेवटपर्यंत सगळं उतरवतात."

"सगळं?"

"सगळं. पण इथे मालकाला लायसन्सची भीती. तो म्हणायचा, आत गुडघ्यापर्यंत चड्डी पाहिजे म्हणजे पाहिजे. मग मी काळ्या पँटच्या आत सोनेरी हाफपँट घालायचो."

"म्हणजे पँट काढली की आत पँट."

"हो."

"मग लोक बघायला कशाला यायचे?"

"सुटताना बघायला," तो म्हणाला, आणि बटण कानाशी नेलं.

हे मला पटलं. जाई, हे असंच लिही, तुझ्या बाबाला आवडो न आवडो.

बारच्या टेबलावर चढून नाचायलाही तेव्हा बंदी होती. मग मालकानं कोल्ड्रिंकची क्रेट उलटी करून त्यावर फळी ठोकली. म्हणायचा, हे टेबल नाही, ही फळी आहे. दोन हजार तीन साली सरकारनं टेबलावर नाचायला परवानगी दिली. त्या रविवारी शेखर ऐटीत टेबलावर चढला आणि त्याचं डोकं वरच्या दिव्याला आपटलं. पुढचे दोन रविवार पुन्हा फळीवरच.

सेंग त्याला तिथेच भेटला. आधी पँटला चिकटपट्टी होती, बुटांना असते तसली, उघडताना करकर वाजणारी. एका रविवारी तिच्यात शर्टाचा दोरा अडकला आणि पँट अर्धी लोंबत राहिली. लोक हसले. हा लाजून मागच्या खोलीत गेला, तर एक काटकुळा माणूस मागोमाग आला. पँट हातात घेऊन, उलटी करून बघितली आणि म्हणाला, हा कचरा कुणी शिवला? घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी टिचबटणं लावून आणली.

"आणि चिकटपट्टी पटकन बंद करता येत नाही," शेखर म्हणाला. "बंद करणंही महत्त्वाचं होतं."

कारण मालकानं कोपऱ्यात एक पिवळा दिवा लावला होता. खाली पोलीस दिसले की दाराशी बसलेला माणूस तो दिवा लावायचा. दिवा लागला की सगळ्यांनी एकमेकांपासून बाजूला व्हायचं, खुर्च्यांवर बसायचं, क्रिकेटच्या गप्पा मारल्यासारखं करायचं. आणि शेखरनं पँट घालायची. डावी बाजू तो लावायचा. उजव्या बाजूला सेंग गुडघ्यावर बसायचा आणि खालून वर बटणं लावत यायचा. बावीस बटणं, नऊ श्वासांत.

"नऊ कसे मोजलेस?"

"मी श्वास धरून असायचो. तोच मोजायचा."

मी वर बघितलं नाही. त्यालाही नको होतं कुणी बघायला.

अठ्ठ्याण्णव साली मात्र दिवा लागायला उशीर झाला. पोलीस वर आले. कुणाला नेलं नाही, मारहाण नाही, शिव्या नाहीत. फक्त एकेकाचं नाव विचारून वहीत लिहिलं. तोवर तिथे सगळे त्याला राजा म्हणायचे. खरं नाव सेंग सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पण पोलिसाला पासवरचं, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्यावरचं नाव सांगावं लागतं. चंद्रशेखर वामन कर्णिक. त्या शिपायाला मधलं नाव लिहिता येईना, म्हणून त्यानं वडिलांचं नाव अक्षर अक्षर करून विचारलं. वामनराव ठाण्याला शाळेत हेडमास्तर. हा सोनेरी चड्डीत उभा, सगळ्या माणसांत बापाच्या नावाची अक्षरं सांगतोय.

त्या काळी अशा ठिकाणी पकडलेल्यांची नावं पेपरात छापून यायची. आणि याचा पास दोन महिन्यांनी नवा व्हायचा होता. पास गेला की ठाण्याला परत, आणि परत का आला याचं उत्तर काय देणार? रोज सकाळी आधी पेपर शेवटच्या पानापर्यंत चाळायचो, मगच चहा, म्हणाला. काहीच झालं नाही. पास नवा झाला. पण तेव्हापासून त्यानं अशा कुठल्याही जागी पूर्ण नाव उच्चारलं नाही. वडील गेले ते काही न कळताच. आईला सेंग म्हणजे खोलीतला मित्र. दिवाळीला तिचा चिवडा यायचा त्यात एक वेगळा पुडा, बिनतिखट, त्यावर चिठ्ठी, 'सेंगसाठी.' आता आईला काय कळलं होतं आणि काय नाही, ते तिचं तिला माहीत.

पुढे दोघांनी मिळून इथला फ्लॅट घेतला. कागदावर दोन अविवाहित, पस्तिशी ओलांडलेले. चाळिशीला शेखरनं नाच सोडला, पोट आणि गुडघा दोन्ही बोलायला लागले म्हणाला. मग स्मार्टफोन आले. आता पोरं फोनवरच एकमेकांना शोधतात, जिना चढायला नको. बार ओस पडले. दोन वर्षांपूर्वी तो कायदाही गेला, पुरुषानं पुरुषावर जीव लावला तर गुन्हा म्हणणारा. टीव्हीवर बातमी आली तेव्हा सेंग पँटची दुमड घालत होता. म्हणाला, बरं झालं, आणि दोरा तोडला.

शनिवारी बटणं लावायला बसलो. जाईला सुट्टी, ती सुईत दोरा ओवून द्यायला. एकोणीस वर्षांची झाली, सगळं ऐकून म्हणते, "काका, यू आर अ लेजंड, लाह." इथली पोरं वाक्याच्या शेवटी लाह लावतातच. दुपारी सुबोध खोलीतून बाहेर आला. हॉलभर काळी पँट पसरलेली.

"आई, उद्या तू खरंच जाणारेस?"

"बटणं मी लावतेय, मग बघायला नको?"

"तिथे तो काय करणारे ते माहितीये ना तुला?"

"पँट काढणारे. आत दुसरी आहे."

स्मिता स्वयंपाकघरात हसली ते ऐकू आलं. सुबोध शेखरकडे बघून म्हणाला, "सॉरी, तुमच्याबद्दल नाही. पण महाराष्ट्र मंडळातल्या कुणी बघितलं, फोटो आला कुठे..."

"फोटो येणारच आहे," शेखर म्हणाला. "त्यांना फोटोखाली नावही हवंय. मी अजून दिलं नाहीये."

सुबोध आत गेला. शेखर बराच वेळ एकच बटण लावत-काढत बसला. मग म्हणाला, "तो चुकीचं नाही बोलत, काकू. माझं नाव माझ्या एकट्याचं असतं तर कधीच देऊन टाकलं असतं. आपल्याकडे मधे बाप असतो."

मी म्हटलं, "मग राजा सांग. सगळे ओळखतात तेच."

"सेंगला राजा नको होता."

रविवारी आधी छोटी ट्रेन एलआरटी, मग मोठी एमआरटी, आणि मग एक अरुंद जिना. वरती मोठी खोली, खिडक्या सताड उघड्या. साठ-सत्तर माणसं असतील. बरीचशी पांढऱ्या केसांची, एकाच्या हातात काठी, दोघं एकमेकांचा चष्मा पुसत बसलेले. टेबलावर तिखट करंजीसारखे करीपफ आणि चहा. मला वाटलं होतं, कुठे तोंड लपवू असं होईल. तर कुणीतरी लगेच खुर्ची पुढे ओढली आणि चहा दिला. एखाद्या साखरपुड्याला गेल्यासारखं वाटलं.

गाणं लागलं, जुनं इंग्रजी, धाडधाड वाजणारं. शेखर आला. पांढरा शर्ट, काळी पँट. खरंच सांगते, तो नुसता चालत आला तरी लोक सरसावून बसले. उजवा गुडघा सांभाळत होता, पण खांदे आणि हात असे चालले होते की गुडघ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. माझं लक्ष कमरेखाली, बटणांवर.

त्यानं दोन्ही हात कमरेला नेले आणि हिसका दिला. डावी बाजू टचटचटच करत घोट्यापर्यंत गेली. लोक ओरडले. उजवी बाजू सहा बटणं सुटली आणि सातव्यावर अडकली.

त्यानं पुन्हा हिसका दिला. नाही. सातव्या बटणाची मला शनिवारीच शंका होती. टच्च आणि टपच्या मधला काहीतरी आवाज होता, पण दिवस कलला होता, दोघं थकलो होतो, मी म्हटलं चालेल. मी खुर्चीवरून उठायला लागले, तर जाईनं हात धरला. "आजी, बस."

शेखर थांबला. गाणं चालूच. अर्धी पँट लोंबतेय आणि समोर सगळे. मग त्यानं गाणंवाल्याला हातानं खूण केली. गाणं बंद झालं. तिथली एक खुर्ची ओढली, त्यावर उजवा पाय ठेवला आणि सातवं बटण हातानं सोडवलं. टच्च. त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. मग आठवं. घाई नाही. प्रत्येक बटण सोडवून समोर बघायचा, मग पुढचं. दहाव्याला मागून कुणीतरी इंग्रजीत मोजायला लागलं. मग कुणी चिनीत, कुणी मलायात. बाविसावं सुटलं आणि पँट खाली पडली. सोनेरी हाफपँट, खाली गुडघ्याला पट्टा, आणि पट्ट्याखाली ऑपरेशनची खूण. लोक उभे राहिले.

जुन्या गोष्टी गोळा करणाऱ्यांतली एक मुलगी माईक घेऊन पुढे आली. नाव विचारलं. मागून दोघं-तिघं ओरडले, "राजा, राजा." तो हसला. तेवढं म्हणून तो खाली उतरला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पाच-सहा श्वास तो तसाच उभा राहिला. मग सांगितलं. चंद्रशेखर वामन कर्णिक. सावकाश, हजेरी देताना पोरं सांगतात तसं. मधलं नाव सगळ्यात स्पष्ट.

त्या मुलीला ते लिहिता येईना. तिनं पुन्हा विचारलं. शेखर पुन्हा अक्षर अक्षर सांगायला लागला. जाई उठली, पुढे गेली, मुलीच्या हातून पेन घेतलं आणि तिन्ही शब्द लिहून परत येऊन बसली.

परत येताना गाडीत मी त्याला म्हटलं, "माझ्यामुळे एका हिसक्यात नाही सुटली. शब्द अर्धाच राहिला तुझा."

म्हणाला, "सेंग असता तर उद्या सकाळीच तुमच्याशी भांडायला आला असता. सातव्या बटणावरून."

"आला असता तर मी ऐकून घेतलं असतं."

"माहितीये," तो म्हणाला आणि गुडघा चोळत बसला.

घरी पोचलो तर सुबोध टेबलाशी बसला होता. जाईनं काही न विचारता तिथे घेतलेला व्हिडिओ लावून फोन त्याच्यापुढे ठेवला. त्यानं सगळं बघितलं, बटणं मोजेपर्यंत, नाव सांगेपर्यंत. मग तेवढं नावाचं पुन्हा लावून बघितलं. स्मिता पाणी घेऊन आली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"कर्णिक," तो म्हणाला. "ठाण्याचे कुठले कर्णिक? आमच्या कॉलेजात एक होते."

"त्यालाच जाऊन विचार," मी म्हटलं. "गुडघा सुजलाय त्याचा. जाताना हे तेल घेऊन जा."

तो तेलाची बाटली घेऊन उठला. चपला घालताना दारात थांबला, शर्ट नीट केला, आणि गेला.